घरटी एक मत

सुगत, तू गेलास त्याच्या नवव्या दिवशी मी तुझं सभासदत्व रद्द केलं.

त्यात हेतू काहीच नव्हता, आणि हे वाक्य ऐकून तू कसा हसला असतास ते मला माहीत आहे. मंडळाचा सचिव म्हणून महिन्याच्या शेवटी मी सभासदांची यादी बघतो. कोण म्युनिकला गेलं, कोणाचा पत्ता बदलला, कोण कायमचं पुण्याला परतलं. तुझ्या नावापुढे खूण केली आणि तयार पत्र छापलं. आपल्या सात्सुंगप्रमाणे, म्हणजे मंडळाच्या घटनेप्रमाणे, मुख्य सभासदाच्या निधनाने त्या कुटुंबाचं सभासदत्व संपतं. पत्र सौजन्याने भरलेलं आहे. शेवटी लिहिलं आहे की कुटुंबीयांना यापुढेही मंडळाच्या कार्यक्रमांना पाहुणे म्हणून उपस्थित राहता येईल. त्याखाली माझी सही. पाकीट मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं आणि एक काम संपलं असं वाटून घरी आलो.

ते पत्र करुणा वहिनींच्या नावाने गेलं होतं. ज्या सहा वर्षं मंडळाची मराठी शाळा चालवतात.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. रडतील, चिडतील, कशाचीही तयारी होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "प्रसाददादा, शनिवारी मी शिकवायला यायचंय ना? का पाहुणी म्हणून मागे बसू?"

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा "अहो वहिनी, अहो वहिनी" एवढंच. तुझी लेक मैत्री मागून जर्मनमध्ये विचारत होती, कोणाचा फोन आहे. वहिनी तिला मराठीत म्हणाल्या, "मंडळाचा."

माझा नाही म्हणाल्या. मंडळाचा.

तर मुद्दा शनिवारांचा आहे. दहा ते बारा शाळा. स्टुटगार्टातल्या त्सुफेनहाउझेनच्या त्या सभागृहात वरच्या मजल्यावर वहिनी पोरांकडून बाराखडी घोटून घ्यायच्या आणि आपण समोरच्या बेकरीत खिडकीजवळचं टेबल अडवून बसायचो. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीतला, आठवडाभर चाचण्यांचे अहवाल लिहून थकलेला. तू विद्यापीठात दोन-दोन वर्षांच्या करारावर, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या संसदेत राहणारा. मी तुला पहिल्यांदा विचारलं होतं, "त्या गोऱ्या जमीनदारांचं तुला काय पडलंय रे? नांदेडचा माणूस, जर्मनीत बसून इंग्रजांचे ठराव वाचतोस."

तू कॉफीत साखर ढवळत म्हणालास, "बाहेरून दार कसं ठोठावतात ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आतल्यांनी ते उघडलं तर का उघडलं, हे मला बघायचंय."

अठराशे बत्तीसचा तो सुधारणा कायदा मला तू कागदी रुमालांवर काढून दाखवलास. एका ठिकाणी नुसती गवताची टेकडी, वस्ती नाही, तरी तिथून दोन खासदार. एक गाव बरंचसं समुद्राने गिळलेलं. त्याचे खासदार मात्र कोरडे राहून संसदेत बसत. आणि गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या मँचेस्टरला एकही नाही. हे ज्यांच्या फायद्याचं होतं त्यांनीच ते मोडलं. का मोडलं, हा तुझा प्रश्न. त्याच्यावर तू अकरा वर्षं घालवलीस.

माझं उत्तर पाच मिनिटांत तयार होतं. "घाबरले. शेजारी फ्रान्सचा राजा पळून गेला होता, ब्रिस्टल पेटलं होतं. लॉर्डांना आपापल्या खिडक्यांच्या काचा आठवल्या. संपलं. लिही प्रबंध."

"घाबरलेला माणूस दार उघडतो असं तुला कोणी सांगितलं?" तू म्हणालास. "बहुतेक माणसं कडी लावतात. त्याच आगी दोन्ही बाकांवरच्या लोकांना दिसत होत्या. काही म्हणाले, कायदा बदला. काही म्हणाले, घोडदळ पाठवा. भीती एकच. मग फरक कुठून आला?"

"धूर्तपणातून. काहींना जास्त लांबचं दिसत होतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि त्या धूर्त लोकांचा म्हातारा पंतप्रधान, त्याने तरुणपणी, जवळजवळ चाळीस वर्षं आधी, हाच ठराव मांडला होता आणि सपाटून आपटला होता. तेव्हा त्याला कोण घाबरवत होतं?"

"तेव्हाही शेजारी क्रांतीच चालू होती."

"त्या क्रांतीला घाबरूनच तर बाकीच्यांनी त्याला पाडलं, गाढवा!"

बेकरीतली बाई आपल्याकडे बघायला लागली होती. तू तिला हसून मान झुकवलीस आणि पुढचं हळू आवाजात बोललास. की भीतीने माणूस हलतो, पण कुठल्या बाजूला हलतो हे भीती ठरवत नाही. ते आधीच कुठेतरी ठरलेलं असतं आणि ते 'कुठेतरी' तुला सापडत नव्हतं. पत्रांमध्ये नाही, रोजनिशांमध्ये नाही. सगळे आपापल्या रोजनिशीत थोर होते.

तुला भाबडा म्हणावं तर तसाही तू नव्हतास. त्या कायद्याची लबाडी तू माझ्याआधी दाखवायचास. कामगाराला बाहेरच ठेवलं, बऱ्यापैकी घरात राहणाऱ्या दुकानदाराला आत घेतलं. कारण दुकानदार आत आला की बाहेरच्यांना सोबती राहत नाही. आणि एक गोष्ट तू दोनदा सांगितलीस, म्हणून लक्षात आहे. मतदार 'पुरुष' असावा असं त्या कायद्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं. तोवर लिहायचीसुद्धा गरज कोणाला वाटली नव्हती.

"म्हणजे सुधारणा करताना कडी पक्की केली," मी म्हणालो.

"दोन्ही एकाच हाताने," तू म्हणालास. "म्हणून तर झोप येत नाही."

आता ती गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही.

आपलं मंडळ तेव्हा संस्थापकांचं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी स्टुटगार्टला आलेली सात कुटुंबं आणि त्यांनी शिफारस केलेली मोजकी घरं यांनाच मत. बाकीच्यांनी वर्गणी द्यायची, खुर्च्या लावायच्या, मोदक वळायचे आणि अध्यक्षांच्या भाषणाला टाळ्या वाजवायच्या. अध्यक्ष म्हणजे आपले काका. मनाने वाईट नाहीत, पण माईक हातात आला की त्यांची उंची वाढते. नवी पोरं येत होती, पुण्या-मुंबईहून, कंत्राटावर. काका म्हणायचे, "दोन वर्षांत निघून जाणारे लोक. यांना काय मत द्यायचं?" तू एकदा सभेत उठून शांतपणे म्हणालास, "काका, मी आठ वर्षं दोन वर्षांसाठीच आलोय." लोक हसले. काकाही हसले. ठराव नापास झाला. मी तेव्हा सचिव होतो आणि मी हात वर केला नव्हता. तेही तुला आठवत असणार. तू कधी काढलं नाहीस.

मग पुढच्या जानेवारीत मी नेहमीसारखा सभागृहाची देखरेख करणाऱ्या हाउसमाइस्टरला फोन केला. गणपतीचे दिवस आम्ही तोंडीच ठरवायचो, इतक्या वर्षांची ओळख. तो म्हणाला, "आल्झो, ते दिवस तर गेले. त्या दुसऱ्या भारतीय साहेबांनी लेखी अर्ज दिलाय." दुसरे भारतीय साहेब म्हणजे नव्या पोरांपैकी तिघं. मला घाम फुटला. वेगळं मंडळ, वेगळा गणपती, आणि आम्ही जुनी घरं काकांच्या दिवाणखान्यात आरती करतोय असं चित्र डोळ्यांपुढे आलं. मी फक्त काकांना सांगितलं. काकांचं पहिलं वाक्य होतं, "वकील बघू." मी म्हणालो, "नको. मत देऊन टाकू."

आठवड्यात मी मसुदा लिहिला. आणि सभेत भाषण केलं. ते भाषण तुला आवडलं होतं. समतेवर बोललो, ज्यांचे हात कामाला लागतात त्यांचे हात मतालाही वर व्हायला हवेत असं काहीतरी. सभागृहाचा उल्लेख एका शब्दाने नाही. ठराव पास झाला, पोरांनी आपला अर्ज मंडळाच्या नावावर करून दिला, काकांनी मला शाल घातली. स्टुटगार्टात शाल कुठे मिळते हे मला अजून कळलेलं नाही, पण काकांकडे ती नेहमी असते.

तू गर्दीतून वाट काढत आलास. माझा हात हातात घेतलास, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणालास, "नऊ वर्षं ज्याला शोधतोय तो समोरच्या बेकरीत बसत होता. कोणी घाबरवलेलं नसताना दार उघडणारा एक तरी मिळाला मला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शाल अंगावर होती. तोंड उघडलं आणि "अरे, त्यात काय" म्हणालो.

त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी वाद घालताना तू मला पुरावा म्हणून वापरायचास. मी म्हणायचो, सगळे घाबरतात, आणि तू नुसतं माझ्याकडे बोट दाखवायचास. माझं तोंड बंद. आयुष्यभर मी मोठ्यांच्या मोठेपणाची खिल्ली उडवली. आणि तू मला स्वतःच्या हाताने चौथऱ्यावर बसवलंस, तर उतरावंसं वाटेना. तिथून दिसणारं दृश्य वाईट नसतं, हे मला तेव्हा कळलं.

एकदाच तू मसुद्यावर नाराज झालास. छापील प्रत टेबलावर ठेवून एका ओळीवर बोट ठेवलंस. "घरटी एक मत, मुख्य सभासदाचं. म्हणजे करुणाला नाही?"

"काका प्रत्येकी एक मताला तयार होत नव्हते. आत्ता एवढं होऊ दे."

"'आत्ता एवढं' हे वाक्य मी संसदेच्या दफ्तरात फार वेळा वाचलंय, प्रसाद. त्याच्या पुढची तारीख कोणी लिहीत नाही."

"पुढच्या वर्षी बघू."

तू प्रत घडी करून खिशात ठेवलीस. वर मुलं पाढे म्हणत होती, ते रस्त्यापलीकडे ऐकू येत होतं. पुढच्या वर्षी बघितलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग तू आजारी पडलास आणि शनिवारी मी एकटा बेकरीत बसू लागलो. तिथल्या बाईने एकदा विचारलं, भांडणारे गृहस्थ कुठे आहेत. बरे होतील, म्हणालो.

दवाखान्यात मी तुला चार वेळा भेटलो. चारही वेळा सांगायचं ठरवून आलो होतो. पहिल्यांदा तुला ताप होता. दुसऱ्यांदा मैत्री होती. तिसऱ्यांदा तू चांगला होतास, बोलत होतास, हसत होतास, मग कशाला म्हणून सांगितलं नाही. चौथ्यांदा तू ओळखलंस की नाही ते कळलं नाही. मी तुझ्या उशाशी बसून सांगायला सुरुवातही केली, "ते सभागृहाचं..." आणि परिचारिका आली.

अंत्यसंस्काराला हॉल आपल्याला अर्धाच तास मिळाला होता. पांढऱ्या कपड्यांतले आम्ही वीस-बावीस जण. बर्लिनहून आलेल्या तुझ्या मित्राने त्रिसरण आणि पंचशील म्हटलं, बाकीचे त्याच्यामागून. मला शब्द येत नव्हते. मी ओठ हलवले. तू असतास तर बाहेर आल्यावर म्हणाला असतास, "सुरात होतास." बाहेर पुढच्या कुटुंबाची माणसं वाट बघत उभी होती, हातात फुलं घेऊन. आम्ही वेळेवर संपवलं म्हणून एका म्हाताऱ्याने आमचे आभार मानले.

वहिनींच्या त्या फोननंतर मी आणि मेधा रविवारी तुझ्या घरी गेलो. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्या दिवशी एस-बानच्या गाडीत मेधा माझ्याशी बोलली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "तुला काही झालं तर मलाही तेच पत्र येणार ना? की सचिवांच्या बायकोला वेगळा नमुना आहे?"

वहिनींनी चहा केला. तुझ्या टेबलावरचे कागद खोक्यांत भरून ठेवले होते. मी माफी मागितली, पत्राची, मसुद्याची. आणि मग, सुरुवात केलीच आहे तर, सभागृहाचीही. सगळं सांगितलं. हाउसमाइस्टरचा फोन, घाम, भाषण. म्हणालो, "वहिनी, सुगतला वाटायचं मी तत्त्वासाठी केलं. मी त्याला फसवलं."

वहिनींना हसू फुटलं. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदाच असणार, कारण मैत्री खोलीतून धावत आली.

"दादा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तो अर्ज ह्यांनी भरला होता."

"कुठला अर्ज?"

"सभागृहाचा. त्या पोरांना जर्मन कुठे धड येतं? याच टेबलावर बसून भरला. मीच म्हटलं, अहो, कशाला भांडण लावताय? तर म्हणाले, भांडण होणार नाही. काका कडी लावतील, पण प्रसाद घाबरला की बरोबर वागतो."

मेधा खिडकीबाहेर बघत होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

राग आला. अजूनही येतो. इतकी वर्षं मला पुरावा म्हणून मिरवलंस, तुला माहीत असताना. डोळ्यांतलं पाणी तरी खरं होतं का? मी वहिनींना विचारलंही. त्या म्हणाल्या, "ते मला कसं कळणार? ते त्यांनाच माहीत." तुझ्या अकरा वर्षांचं काम एका वाक्यात.

घरी येताना मात्र दुसरंच काहीतरी वाटू लागलं. तुला माझा हेतू कधीच शोधायचा नव्हता. मी हलल्यावर कुठल्या बाजूला हलेन यावर तू सभागृह पणाला लावलंस, पोरांचा गणपती लावलास. मी स्वतः त्यावर बेकरीतला एक ब्रेझेल लावला नसता. आजवर माझ्यावर कोणी इतका भरवसा ठेवल्याचं मला माहीत नाही. त्याबद्दल आभार कसे मानायचे ते कळत नाही, आणि तू सोयीस्करपणे गेला आहेस.

पण सुगत, एक गोष्ट तुझ्या हातून राहिली. घाबरवून तू माझ्याकडून जेवढं काढता आलं तेवढं काढलंस. वहिनींच्या मताच्या वेळी तू मला घाबरवलं नाहीस. नुसतं विचारलंस. आणि नुसतं विचारल्यावर मी काय केलं, ते आपल्या दोघांना माहीत आहे.

सोमवारी मी काकांना फोन केला. म्हणालो, घटना बदलायचा आन्ट्राग, म्हणजे रीतसर प्रस्ताव, देतोय. घरटी नाही, माणशी एक मत.

काका म्हणाले, "अरे, सुगतच्या नावाने आपण व्याख्यानमाला करू. मोठा फोटो लावू. करुणाला मानद सभासद करू, शाल देऊ."

"मानद सभासदाला मत नसतं, काका."

"मत कशाला हवंय तिला? तिने मागितलंय का?"

"नाही."

"दुसऱ्या कोणी मागितलंय?"

"नाही."

"कोणी वेगळं मंडळ काढतंय? सभागृह कोणी घेतलंय का?"

"नाही काका. सभागृह आपल्याच नावावर आहे. मी लेखी घेतलंय."

"मग तुला एवढी घाई कसली?"

फॉर्म पाठवतो म्हणून मी फोन ठेवला. मी रात्रभर विचार केला असं नाटकी काही झालं नाही. मी जेवलो आणि झोपलो. सकाळी फॉर्म उघडला. सभा येत्या शनिवारी आहे. तीन चतुर्थांश मतं लागतात. मत फक्त मुख्य सभासदांना, म्हणजे दोन-तीन घरं सोडली तर सगळ्या नवऱ्यांनाच आहे. नवी पोरं आता जुनी झाली आहेत, त्यांच्यातल्या एकाने कालच मला विचारलं, "दादा, आत्ताच कशाला?" ठराव पास होईल असं मला वाटत नाही. वहिनींना मी काही सांगितलेलं नाही. त्या शनिवारी वरच्या मजल्यावर शिकवत असतील.

आन्ट्रागच्या फॉर्मवर ठरावाच्या खाली एक चौकट असते, कारणाची. ती रिकामी ठेवता येत नाही. जर्मन फॉर्म आहे. मी आधी 'काळानुरूप' असं लिहिलं. खोडलं. समतेवर दोन ओळी लिहिल्या. त्या सभेतल्या भाषणाहून बऱ्या होत्या, म्हणून त्याही खोडल्या. तुझं नाव लिहिलं. मग वाटलं, तुझ्या नावामागे लपणं तर फारच सोपं आहे, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. तेही खोडलं. मुळात मी हे का करतोय हे मला माहीत नाही. अपराधी वाटतं म्हणून असेल, मेधा बोलत नव्हती म्हणून असेल, तुझ्यावर रागावलोय म्हणूनही असेल. त्यातलं काहीच चौकटीत मावण्यासारखं नव्हतं.

शेवटी ज्याची मला खात्री आहे तेवढंच लिहिलं, सही केली आणि पाठवून दिलं:

'आधीचा मसुदा मी लिहिला होता. तो लिहिताना करुणा वहिनी मला आठवल्या होत्या, तरी मी 'घरटी एक' लिहिलं.'